अक्कासाठी बटण

बेंगळुरू
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. दाक्षायणी अक्कास,

गुरुशांतचा शरणु. अव्वाच्या पायाला माझा हात लावला म्हणून सांग. मी बरा आहे, जेवण होतंय, खोलीत पाणी येतंय.

आणि दर वेळी तुझंच खरं कसं असतं, ते मला अजून कळलेलं नाही. "ते बटण तुज्याकडंच ठेव," म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. अगं, कुणासाठी केलंय मग? उन्हाळ्यापासून मी आणि अभिमन्यू कामावरून आलो की त्याच्याच मागं लागलोय. फोनवर तू मला चार वाक्यं सलग बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. नववीनंतर एवढं लिहायची ही पहिलीच वेळ. अक्षराला नावं ठेवू नकोस.

अभिमन्यू आपल्याच जिल्ह्यातल्या केम गावचा. इंजिनिअर झालेला आहे, माझ्याच खोलीत राहतो, दिवसभर कुठल्या तरी कंपनीच्या कामातल्या चुका शोधतो. मी हॉलवर. लोक येतात, कंपन्यांची भाषणं ठोकतात, मी त्यांच्या वायरी जोडतो, माइक लावतो, पडदा सरळ करतो, ते गेले की खुर्च्या रचतो. दुसऱ्या दिवशी दुसरे येतात. कोण काय बोललं ते एकाचंही मला आठवत नाही. सगळ्यांचं शेवटचं चित्र मात्र एकच असतं, धन्यवाद, तेही इंग्रजीत. माझं कन्नड ऐकून इथले हसतात. विचारतात, हे कुठलं रे? मी म्हणतो, मैंदर्गीचं. त्यांना मैंदर्गी माहीत नसते. मग मी सोलापूर सांगतो.

तर ह्या अभिमन्यूला मी एकदा सांगत बसलो होतो, की माझी अक्का संस्थेच्या कामाला गावोगाव जाते, गरोदर बायांना, बाळंतिणींना भिंतीवर चित्रं दाखवून काय खायचं, काय जपायचं ते सांगते. मी तिला मोटरसायकलवर न्यायचो, प्रोजेक्टर बांधून. अंधार केला की मी लॅपटॉपजवळ बसायचो. ती "मुंद" म्हणाली की पुढचं चित्र, "हिंद" म्हणाली की मागचं.

तो म्हणाला, "मुंद म्हंजी?"

म्हटलं, "आमच्या कन्नडात पुढं."

"मग आता तू हितं, तर मुंद कोण करतंय?"

त्यानं सहज विचारलं. पण डोक्यात बसलं. संस्थेनं दिलेलं रिमोट तू एका गावात विसरलीस, दुसरं अव्वानं टीव्हीचं समजून कपाटात ठेवलं ते अजून सापडायचंय. फोन मात्र तू कधी विसरत नाहीस. मग फोनलाच रिमोट करायचं ठरवलं.

पहिला आराखडा मी स्पीकरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढला. अभिमन्यूला त्यात काय काय हवं होतं. घड्याळ, लाल ठिपका, चित्रावर रेघोट्या मारायला पेन. मी म्हणालो, माझ्या अक्काच्या एका हातात माइक असतो. दुसऱ्या हातानं ती पदर सावरते, मध्येच कुणाचं रडकं पोर कडेवर घेते. अंधारात ती फोनकडं बघणार नाही, बायांकडं बघणार. तुझा ठिपका काय चाटायचाय तिला? मग आम्ही सगळा पडदाच बटण केला. अंगठा कुठंही टेकला की पुढं, सरकवला की मागं. फोन एकदा थरथरला म्हणजे पुढं गेलं, दोनदा थरथरला म्हणजे मागं. गावात वायफाय नसतं, म्हणून तुझ्याच फोनचं हॉटस्पॉट लॅपटॉपनं धरायचं. बटणाला नावं मुंद आणि हिंद द्यायची मी म्हणत होतो. अभिमन्यू म्हणाला, "हिंद लिवलं तर लोकं जय म्हनत उभी ऱ्हातील." मग नुसते बाण काढले.

पण फोन जरा वेळानं झोपतो. झोपला की अंगठा टेकून काय उपयोग? तेव्हा आवाज कमी-जास्त करायच्या कडेच्या बटणांवर आम्ही पुढं-मागं बसवलं, ती झोपेतही चालतात. ही अक्कल माझीच. अभिमन्यूनं त्यावर मला चहा पाजला.

ते ॲप तुझ्या फोनात आलं, पुढचं तुला माहीतच आहे. पण तू मला रागात सांगितलंस, मी शांतपणे लिहितो, म्हणजे चूक कुणाची ते तरी दिसेल. समाजमंदिरात बाया जमल्या होत्या, संस्थेचे शिवराज सर खास सोलापूरहून तुझं काम बघायला आले होते, तू दुसऱ्याच चित्रावर होतीस आणि अव्वाचा फोन आला. जेवलीस का म्हणून. आता अव्वाचा फोन तू कधीच कापत नाहीस, कारण कापला की तिला वाटतं गाडी पडली, आणि ती गल्ली गोळा करते. तू आपली कडेचं बटण दाबून आवाज बंद करतेस, फोन वाजू देतेस. तसंच दाबलंस, दाबून धरलंस. आणि भिंतीवर पालक, अंडी, लोहाच्या गोळ्या, बाळाचं वजन, सगळी चित्रं पळत सुटली ती थेट धन्यवादवर जाऊन थांबली.

आपल्याकडं धन्यवाद दिसलं की बाया उठतात. उठणारच, त्यानंतर राजगिऱ्याचे लाडू असतात. कोण ती म्हातारी म्हणाली म्हणालीस? "बरं झालं बाय, आज लवकर आटपलीस." आणि शिवराज सर म्हणाले, "मॅडम, सुरुवात करायच्या आधीच आभार मानले का?"

माझं हसू तुला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन बाजूला धरला होता, अक्का. नंतर हसू आलं नाही. तुझी सवय मला माहीत होती. अभिमन्यूला ती कळणं शक्य नव्हतं, मला आठवायला पाहिजे होती.

मंगळवार

परवा इथंच झोप लागली. काल हॉलवर दोन कार्यक्रम होते, लिहायला झालं नाही.

आता ॲप कसं झालंय ते वाच. कडेच्या बटणांना हात लावला तरी काही होत नाही. ॲप चालू आहे तोवर फोन झोपत नाही. अव्वाचा फोन आला तर तुझ्याकडं आवाज येत नाही, पण तिला रिंग ऐकू येते, म्हणजे गल्ली शांत राहील. घाबरून दोन-तीनदा अंगठा टेकला तरी एकच चित्र सरकतं. आणि धन्यवाद आणायचं असेल तर अंगठा दाबूनच धरावा लागतो, फोन थरथरेपर्यंत. हे शेवटचं मी अभिमन्यूकडून भांडून करून घेतलं. तो म्हणत होता, जगात असं कुठं नसतं. मी म्हटलं, जगात लाडू कुठं असतात?

घरी एकदा अव्वाला समोर बसवून करून बघ. तिला सगळी चित्रं पाठ आहेत.

म्हणजे आता शिवराज सरांना सांगता येईल, की मला माणूस लागत नाही. त्यांनी तुला तंबी दिली आहे ना, सोबतीला कुणी नसेल तर ऑक्टोबरपासून गावं बंद, सोलापूरच्या ऑफिसात बसून संगणकावर माहिती भरायची. ते होऊ नये म्हणूनच मी धडपडतोय. ऑफिसात बसलीस तर तुझं काय होईल ते मला माहिती आहे. नवऱ्याकडून परत आलीस तेव्हा वर्षभर तू चुलीपुढून उठत नव्हतीस. गावं फिरायला लागलीस तेव्हा तुझा आवाज परत आला. माइक नसला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा.

एवढं सगळं मी लिहिलं, पण तू जे विचारलंस त्याचं उत्तर त्यात नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. तू विचारलंस, "कवा येणार ते सांग." मी म्हणालो, दिवाळीचं बघतो. तू म्हणालीस, "तू बटण दाबायला येत हुतास असं वाटतंय व्हय तुला?" आणि मग फोन ठेवलास.

ते वाक्य घेऊन मी दोन दिवस वायरी गुंडाळतोय.

मला खरंच तसं वाटत होतं, अक्का. मला कुणी विचारलं काय काम करायचास, तर मी म्हणायचो, बटण दाबायचो. म्हणून मी बटणाचं ॲप केलं. पण समाजमंदिराच्या दारात बाप्ये येऊन उभे राहायचे ते आठवतं. रोजगार करून, पिऊन. एक जण आत डोकावून म्हणाला होता, "मॅडम, आमाला बी दावा की अंडी." मी नुसता उठलो, वायर नीट करायचं नाटक केलं आणि दारात जाऊन बसलो. तेवढ्यावर ते गेले. येताना अंधारात तू मागं बसून सांगायचीस, आज अमकीचं बाळ भरलंय, तमकीनं गोळ्या उकिरड्यात टाकल्या. मी फक्त व्हय व्हय करायचो. आणि मागच्या रांगेत एखादी बाई शेजारणीला हळूच काही विचारायला लागली, की मी तू म्हणायच्या आधीच मागचं चित्र आणायचो. तू माझ्याकडं बघायचीही नाहीस, तिथूनच परत सांगायला लागायचीस.

हे अभिमन्यूला सांगितलं. विचारलं, हे कसं बसवायचं रे ह्यात? त्यानं लॅपटॉप मिटला. म्हणाला, "त्याला माणूस लागतंय की. चल, भात लावू."

गुरुवार

आज लिहून टाकतो. नाहीतर हा कागद पिशवीत तसाच राहील.

मी मस्कतला चाललोय. तिथं प्रदर्शनाचे मोठे हॉल आहेत, पडदे आणि दिवे उभे करायचं काम आहे. इथला ठेकेदार माणसं पाठवतो, त्यानं माझं नाव घातलं. दोन वर्षांचा करार आहे. कागद आलेत, सही करून झाली आहे. ह्या महिन्याच्या अखेरीला विमान आहे, इथूनच.

घरी येऊन जाणार नाही. सुट्टी मिळाली नाही असं लिहिणार होतो, दोनदा लिहून खोडलं. सुट्टी मिळते. मी मागितलेली नाही. आलो तर तू काही म्हणणार नाहीस, मला माहिती आहे. चहा देशील, गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवशील आणि माइक तपासायला लागशील. मी प्रोजेक्टर बांधायला घेईन. मग कुठलं मस्कत?

का जातोस असं विचारशील तर मला धड सांगता येत नाही. पगार बरा आहे, पण तेवढंच नाही. शाळेत मला बसवेना, आठवतं ना, मास्तर म्हणायचे ह्याच्या बुडाला भिंगरी आहे. तुझ्याबरोबर फिरत होतो तेव्हा बरं होतं, कारण रोज गाव वेगळं असायचं. पण रोज परत यायचोच की. गाडी दारात लावली, की वाटायचं आता उद्याही हेच, आणि मी म्हातारा होईपर्यंत अक्काचा गुरुशांत. तुझा राग नव्हता त्यात. इथं आलो तर इथंही तसंच वाटतंय, आणि वर थकवा आहे. मस्कतमध्ये वेगळं वाटेल असं मला काही वाटत नाही. तरी जातोय.

म्हणजे उन्हाळ्यापासून मी जे करत होतो, ते तुझं काम सोपं व्हावं म्हणून होतं, हे खरं. पण मला जाता यावं म्हणूनही होतं. तू ते आधीच ओळखलं होतंस. म्हणूनच तुला बटण नको होतं.

ऑफिसात मात्र तू बसू नकोस. मी तुला न विचारता एक केलंय, शिव्या द्यायच्या तर दे. आपल्या गल्लीतल्या रेश्माला फोन केला. तिची पोरं आता शाळेत जातात, तिला स्कूटी येते, सासूही घरी असते. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "येती की मी. बटण अक्कांच्या हातात हाय म्हनल्यावर मला बसून काय करायचंय?"

मी म्हटलं, "दारात बसायचं. बाप्ये येतात."

"येऊ देत. माजं त्वांड बगून आमचं मालक बी घरात येत न्हाईत."

मागच्या रांगेचंही सांगितलंय तिला. ती म्हणाली, बाया काय कुजबुजतात ते मला तुझ्यापेक्षा बरं कळतं. ते खरं असणार. तू तिला एक-दोन गावं घेऊन जा. पटलं तर शिव्याराज सरांना... बघ, हात चुकला. शिवराज सरांना तिचं नाव कळव. संस्था सोबतीच्या माणसाला काही देत नाही, मला कधी दिलं नाही, तिलाही देणार नाही. तिचे पैसे माझ्याकडं.

हे नवं ॲप फोनमध्ये घालून द्यायला अभिमन्यू तुला व्हिडिओवर मदत करेल, काही बिघडलं तरी त्यालाच सांग. तो सज्जन आहे, फक्त नको त्या गोष्टी घालायची त्याला हौस आहे. घालू देऊ नकोस.

अव्वाला तूच सांग. मला जमणार नाही. ती जेवतानाच सांग, म्हणजे हातातला घास तरी खाईल.

फोन केलास तर मी उचलीन. मी केला आणि तू नुसता वाजू दिलास तरी चालेल.

तुझ्या गाडीवरचा,
गुरुशांत

ता. क. रेश्माच्या खात्यावर नाही, तुझ्याच खात्यावर टाकतोय. दर महिन्याला तूच तिच्या हातात दे, म्हणजे तिला काम तुझं वाटेल, माझं नाही. ह्या महिन्याचे, पेट्रोल धरून, रुपये साडेपाच हजार.