बेस विहीणबाईंच्या गाडीत

चिरंजीव,

मी दुकानात चालत गेलेय, गिऱ्हाईक शिवलेले पडदे न्यायला येणार आहे. तुझी गाडी गॅरेजात, तेव्हा तुझ्या लेकीला, ठमीला, लस टोचायला माझ्या गाडीतून ने. तिच्या बाळ-सीटचा बेस, म्हणजे गाडीतच बसवून ठेवायची खालची बैठक, अर्थातच तुझ्या सासूबाईंच्या गाडीत आहे. तिथे म्हणे सीट नुसती ठेवली की टक करून बसते. बसू दे. फिरायला त्यांची गाडी, सुई टोचायला माझी.

आपल्याकडे सीट गाडीच्या पट्ट्याने बांधायची. मागच्या बाकावर, ठमीचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. पुढे मुळीच नको, तिथे एअरबॅग आहे. सीटवरची रेघ जमिनीला समांतर ठेव. कमरेचा पट्टा दोन्ही खाचांतून नाडीसारखा ओव, पीळ पडू देऊ नकोस. खांद्याचा पट्टा कुठून न्यायचा ते सीटवरच्या चित्रात आहे, अंदाज लढवू नकोस. मग सीट दाबून पट्टा खेच आणि हलवून बघ. बोटभराहून जास्त हलली, तर सगळं उसवून पुन्हा.

सूनबाई काल विचारत होती, "आई, माझ्या आईकडून बेस आणू का?" मी नको म्हटलं. पट्टा ओवायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ठमी माझ्या तोंडाकडे टकमक बघत असते.

हे तिकडे बोलू नकोस. त्यासुद्धा बेस काढून ठेवतील.

आई