पाचव्या मचाणावरचा हिममानव

१४ नोव्हेंबर १९५६, कौंडण्यपूर

जत्रेत यंदाही माझाच राक्षस भेटला! दोन वर्षांपूर्वी हिमालयात हिममानवाची पावलं दिसल्याची तार आली होती, त्या आठवड्यात साप्ताहिकाचा अर्धा रकाना रिकामा होता. वीस ओळी लिहिल्या, त्यातल्या पंधरा मनच्या. त्या वाचून पुंजाजी खेळवाल्याने खेळच उभारला. एकावर एक पाच मचाणं. खालून उड्या मारत वर चढायचं. वर हिममानव — अंगभर कापूस, पत्र्याचे दात, डोळ्यांच्या जागी लाल काचा. तो कापसाची गाठोडी लोटून एकेकाला खालच्या कडब्यात पाडतो. पोरं भोकाड पसरतात आणि पुन्हा रांगेत उभी!

पुकारणाऱ्याचं भाषणही माझंच, गेल्या वर्षी लिहून दिलेलं. ‘हा गोठवतो! हा गिळतो! पण हरला, की जिंकणाऱ्याचे पाय धरतो!’ टाळ्या या शेवटच्या वाक्यालाच पडतात.

जत्रेचा मजकूर बडनेऱ्याकडच्या मोटारीने पाठवला. वेळेत.

१५ नोव्हेंबर

कापसाच्या आत श्रावण असतो. तेल्हाऱ्याचा. एरवी जिनात कापसाच्या गाठी उचलतो. दुपारी भाकर अर्धी सोडून माझ्याकडे आला.

‘मास्तर, ते पाय धराचं वाक्य काढा.’

‘काहून बाप्पा?’ मी त्याच्याच बोलीत. थट्टेने.

तो हसला नाही. ‘दसऱ्याले नागपूरले दीक्षा घेतली ना मी. हराची लाज नाही मले. रोज दहादा हरवा! पन आता कोनाच्या पायावर डोकं ठेवाचं नाही. तुमी लिहिलं, तुमीच खोडा.’

एका वाक्याचं काम. पाच मिनिटं. म्हणालो, ‘पाहू.’

१६ नोव्हेंबर

पाहिलं नाही.

१७ नोव्हेंबर

सकाळी पुंजाजीकडे विषय काढला — जरा आडूनच. तो म्हणाला, ‘लय शहाणे तुमी! लोक काय उड्या पाहाले येतात? एवढा मोठा राक्षस वाकलेला पाहाले येतात!’ मी मान हलवली. वाक्य राहिलं.

दुपारी भगवंतराव ठेकेदारांचा पुतण्या पाचव्या मचाणावर पोचला. बूट पुढे करून उभा. खालून ओरडा — ‘पाय धर! पाय धर!’ श्रावण ताठ. मग त्याने कापसाचं मुंडकं उतरवलं, फळीवर ठेवलं आणि शिडीने खाली येऊन चालू लागला. मागून शिव्या आल्या. एक खेटरही आलं. त्याने वळून पाहिलं नाही.

पुतण्याला पाच-सहा जणांनी खांद्यावर घेतलं.

मी मजकुरात लिहिलं : ‘गर्दी उत्तम. हवा आल्हाददायक.’

१८ नोव्हेंबर

पुंजाजीला आत शिरायला माणूस मिळेना. ‘तुमीच चढा ना मास्तर. तुमाले सारं पाठ हाय. अंदर कोन हाय, कोनाले दिसते?’

चढलो. श्रावणच्या जागी एक दिवस उभं राहिलं की मन हलकं होईल, असं वाटलं. आत सरकीच्या तेलाचा आणि त्याच्या घामाचा वास. काचांतून सगळी जत्रा लाल.

पहिल्या तासातच तो पुतण्या पुन्हा वर आला. वाकलो. डोकं बुटावर टेकवलं — किती सहज गेलं! टाळ्या. मला काहीच वाटलं नाही, आणि त्याचंच वाईट वाटलं.

तिसऱ्या प्रहरी श्रावण आला. तिकीट काढून, रांगेत उभा राहून. त्याला फळी न् फळी ठाऊक. मी लोटलेलं एकही गाठोडं त्याला लागलं नाही. पाचव्या मचाणावर माझ्यासमोर उभा राहिला, वाकून काचांतून आत पाहिलं.

‘मास्तर?’ एवढंच म्हणाला.

तेवढ्यात पुंजाजी ओरडला, ‘राहू द्या, राहू द्या! याचे पाय नको! खेळ संपला!’ कसली माणसं ही! नियम आपलाच, आणि समोरचा कोण ते पाहून मोडायचा! मी वाकणारच होतो. श्रावण थोडा वेळ थांबला, मग उतरून गेला.

पुंजाजीशी मी यापुढे बोलणार नाही.

१९ नोव्हेंबर, अमरावती

काल खोटं लिहिलं. पुंजाजी ओरडला नव्हता. कोणीच ओरडलं नाही. श्रावण उभा होता. मीच वाकलो नाही.