अर्थिंगचा खड्डा

३ एप्रिल १९९५, सांगली

व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम. हे तर आयटीआयच्या पहिल्या महिन्यातच पाठ झालं होतं. आज चिंतामणसरांनी तेच जमिनीला लावलं! अर्थिंगच्या तारेतून करंट सोडायचा, व्होल्ट मोजायचे, भागायचं — जमिनीचा रोध निघतो. म्हणाले, "खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात रोज पाणी का ओततात? रोध कमी राहावा म्हणून. म्हणजे शॉर्ट झालं की भरपूर करंट जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो."

सगळी पोरं लिहून घेत होती. वर्गात मुलगी मी एकटी. माझं पान कोरंच राहिलं.

४ एप्रिल

कधी लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

मे त्र्याण्णव. गोठ्यामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात रोज संध्याकाळी बादलीभर पाणी ओतायचं, हे काम माझं. आण्णांनी आयटीआयचा फॉर्म भरू दिला नाही. "पोरीच्या जातीनं खांबावर चढायचं व्हय?" मी रुसले. बोलणं बंद, बादलीही बंद. आठ दिवस! आणि आमच्या विट्याकडचा उन्हाळा.

नवव्या दिवशी सकाळी कडबाकुट्टीच्या मोटारीत शॉर्ट झालं. यंत्राच्या लोखंडात करंट उतरला. आण्णांचा हात त्यावर होता.

वायरमन आप्पासो आले. खड्डा उकरून म्हणाले, "कोरडा ठाक हाय की! पानी घालत न्हवता व्हय?" ते काम माझं होतं, हे मी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी आईनं भावकीशी भांडून मला आयटीआयला घातलं. मी जेवले का, एवढंच ती विचारते. खड्ड्याबद्दल एक शब्द नाही.

५ एप्रिल

जेवण गेलं नाही.

९ एप्रिल, रविवार, गावी

कुपवाडला जिथे सुट्टीत मोटारींच्या वाइंडिंगला जाते, तिथल्या मालकांकडून दोन मीटर मागून आणले, एक व्होल्टचा, एक अँपिअरचा. आई मनुबाईच्या रानात भांगलायला गेली होती. गोठ्याची लाइन त्या दिवसापासून बंदच आहे, म्हणून घरातून वायर ओढली. मध्ये दोनशे वॅटचा बल्ब घातला आणि अर्थिंगच्या तारेत करंट सोडला.

खड्डा कोरडा. बल्ब नुसता लाल झाला. दीडशे व्होल्ट, अर्धा अँपिअर. म्हणजे तीनशे ओहम. दोनशे तीस व्होल्ट त्यातून पाऊण अँपिअर ढकलणार. मोटारीचा फ्यूज दहा अँपिअरचा. तो उडणार कसा?

मग आठ बादल्या ओतल्या. मोजून. दुपारपर्यंत तिथेच बसून राहिले. परत लावलं, बल्ब लख्ख! साडेआठ व्होल्ट, पंच्याऐंशी शतांश अँपिअर. दहा ओहम. म्हणजे शॉर्ट झाल्यावर तेवीस अँपिअर. फ्यूज फाटकन उडाला असता आणि आण्णा नुसते दचकून मागे सरले असते.

दोन वर्षं मनाला सांगत होते, बादलीनं काय होतंय. झालं असतं. भागाकार करून बघितला. आण्णा, मी मारलं तुम्हाला.

१२ एप्रिल

प्रॅक्टिकलला दोनदा चुकीची वायर जोडली. सर म्हणाले, "क्रांती, घरी जा." कुठल्या घरी जाऊ?

१६ एप्रिल, रविवार, गावी

गोठ्यातला बोर्ड उघडला. का उघडला, माहीत नाही. त्यांचा हात शेवटी जिथे लागला ते सगळं बघायचं होतं. फ्यूजची तार ज्यात बसवतात ते चिनीमातीचं किटकॅट ओढून काढलं.

आत फ्यूजची तार नाहीच! तांब्याची जाड तार, चार पदरी पीळ घालून. पन्नास अँपिअरलासुद्धा हलणार नाही असली.

तिथेच शेणात बसून गणित मांडलं. खड्डा ओला धरला. तेवीस अँपिअर. गुणिले दोनशे तीस. पाच हजार दोनशे नव्वद वॅट जमिनीत गेले असते, आणि ही तार ढिम्म! यंत्राच्या लोखंडात करंट तसाच राहिला असता. मी रोज बादली ओतली असती तरी!

चार वेळा करून बघितलं. चारही वेळा तेच उत्तर. गाईच्या गळ्यात पडून रडले. माझी बादली नव्हती. नव्हती माझी बादली!

आण्णा, तुम्हीच घातलीत ना ही तार? घाई तुम्हाला नेहमीचीच.

आई बाजाराला गेलेली, आणि माझी शेवटची एसटी. पुढच्या रविवारी तिला सगळं सांगणार. आज दोन वर्षांनी भूक लागली.

२३ एप्रिल, रविवार, गावी

आई गहू निवडत होती. मी किटकॅट तिच्यापुढे ठेवलं. मी बोलायच्या आधीच तिचे हात थांबले.

"ती तार मी घातलीया, क्रांते. कुट्टी अडकली की फ्यूज उडायचा. ह्यास्नी सारखं उनातनं यावं लागायचं. जळक्या मोटारीची तार पडली हुती, म्या गुंडाळली. त्यास्नी ठावंबी न्हवतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू आता शिकलीयास. त्या तारेनं काय झालं न्हाई न्हवं?"

मी वही उघडली. ओल्या खड्ड्याची पानं हाताखाली दाबून धरली आणि कोरड्या खड्ड्याचं गणित तिच्यापुढे ठेवलं. "न्हाई गं आई. बारीक तार असती तरी उडाली नसती. खड्डा कोरडा होता. मी आठ दिवस पाणी घातलं नव्हतं."

ती खूप वेळ रडली. मग माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "ल्हान हुतीस गं तू."