तक्रारपेटीची चावी

जि. अकोला, नोव्हेंबर २००७

माननीय मोठ्या बाई,

शाळेच्या तक्रारपेटीची चावी तुम्ही माझ्याकडे दिली. "नत्थुजी, गावात तुमचं कोणाशी वाकडं नाही," म्हणालात. शनिवारी पेटी उघडायची आणि चिठ्ठ्या पालकसभेत वाचायच्या, एवढंच काम.

तीन शनिवारांपूर्वी एकच चिठ्ठी निघाली. मी चौथी शिकलेला, अक्षरं लावत वाचली. 'बाबानं फवारणीचं औषध पेलं तवा आमचा फोटो पेपरात आला. तवापासून प्रणाली मले पेपरवाली म्हणते. साऱ्या हसतात. दामिनी.'

प्रणाली माझी नात. चिठ्ठी मी बंडीच्या खिशात घातली आणि सभेत सांगितलं, पेटी रिकामी आहे.

घरी नातीला विचारलं. "मजाक होती, आबा. तुमी काहून घाबरून राहिले?"

तुम्ही तिला शाळेतून काढाल, म्हणून घाबरलो.

दुसऱ्या आठवड्यापासून दामिनी शाळेत नाही. काल कापूस वेचताना दिसली. म्हणाली, "आबाजी, माही चिठ्ठी भेटली नाही का?"

"नाही, बाई."

"मंग अजून एक टाकू?"

हे पत्र तुमच्या हाती द्यायला हात उचलत नाही. म्हणून पेटीत टाकतो आहे. शनिवारी ती मीच उघडणार.

आपला,
नत्थुजी