पंधरांतली एक

दिब्रोव्हा, मॅनिटोबा
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

प्रिय मिरोसिया,

आम्ही दोघं मजेत आहोत, असं लिहून सुरुवात करायची असते म्हणून लिहिते. मजेत कोणी नाहीये. पण ते जरा सावकाश सांगते, नाहीतर तू पत्र पहिल्या पानावरच बाजूला टाकशील.

इकडे बर्फ पडायला लागलंय. नेस्टरने बटाटे आणि बीट तळघरात नेऊन ठेवले, आणि दरवर्षीप्रमाणे शेवटच्या पायरीवर घसरून माझ्यावरच ओरडला, जशी काही पायरी मी हलवली. माझा खुबा आहे तसाच आहे. तुझ्याकडे आता वीज किती तास असते? खिडकीला लावायला प्लास्टिक मिळालं का? तुझ्या युर्कोच्या हाताला आराम पडला असेल अशी आशा आहे.

आता पहिली कबुली. गेले तीन रविवार तू फोन करतेस, मी उचलत नाही, आणि मागाहून 'नेट बिघडलंय' असा निरोप धाडते. नेट ठणठणीत आहे. नेस्टर दिवसभर त्यावर हॉकी बघत बसतो. मला तुला तोंड दाखवायचं नव्हतं, एवढंच. आपल्या आया सख्ख्या बहिणी, आपण प्रत्यक्ष भेटलो ते दोनदाच, पण माझ्या तोंडावरून तुला सगळं कळतं. म्हणून कागद घेऊन बसले.

एप्रिलमध्ये आमच्या खासदाराने घरोघर एक कार्ड पाठवलं होतं. तो अधूनमधून पाठवतो. भरून टपालात टाकायचं, तिकीटही लावावं लागत नाही. त्यावर एकच प्रश्न होता: आपल्या देशाने युक्रेनला शस्त्रं पाठवत राहावं का? खाली दोन चौकोन. 'पाठवत राहा' आणि 'आता थांबवा'. त्याखाली दोन ओळी, काही म्हणायचं असेल तर.

आता तू म्हणशील, दिब्रोव्हात विचारायचं काय त्यात? अगं, इथली चाळीसच्या चाळीस घरं आपल्याच युक्रेनी माणसांची. युद्धाच्या पहिल्या वर्षी घरटी एक निळा-पिवळा झेंडा होता. चर्चच्या तळघरात आम्ही बायका तुमच्या सैन्यासाठी बटाटा भरलेल्या व्हरेनिकी करून विकायचो, तेव्हा रांग पार रस्त्यापर्यंत जायची. लोक उभ्या उभ्या रडायचे आणि मग दोन-दोन डझन न्यायचे. तुला मी तेव्हा फोटो पाठवले होते. त्यानंतरचे पाठवले नाहीत, कारण त्यानंतर फोटोत नुसत्या खुर्च्या आल्या असत्या. झेंडे वाऱ्याने फाटले, ते कोणी बदलले नाहीत. वॉल्टर पिडलुबनीचा तर इतका विटलाय की परवा टपालवाल्याने विचारलं, 'टॉवेल आत घ्यायचा राहिला का?'

तर ऑक्टोबरात सुगीचं जेवण होतं, गावच्या हॉलमध्ये. खासदार आला, टर्की खाल्ली, कोबीच्या पानांतला भात तीनदा घेतला, आणि बोलायला उभा राहिला. म्हणाला, "दिब्रोव्हाच्या लोकांनी मोकळेपणाने मत कळवलं, मी आभारी आहे. सव्वीस कार्डं परत आली. पंधरांनी सांगितलं, आता थांबवा."

मिरोसिया, शंभर माणसांचे काटेचमचे एकदम थांबलेले तू कधी ऐकलेस का?

पर्ल ह्नातियुक उठली. तुला पर्ल आठवत असेल, सगळ्या फोटोंत मधोमध असते ती. तळघरातली आमची सेनापती. म्हणाली, "कोण ते पंधरा? उभे राहा! बघू दे गावाला तोंडं!" कोणी उभं राहिलं नाही. सगळे आपापल्या ताटाकडे बघायला लागले. भोपळ्याचा गोड पाई आला तो लोकांनी मुकाट्याने खाल्ला. मी तर दोन तुकडे खाल्ले, कारण तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

आमचा नेस्टर घरी आला तो पेटूनच. "पंधरा गद्दार! माझ्या गावात! मी एकेकाला शोधून काढतो." दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन घरोघर हिंडायला लागला. गुडघा दुखतो म्हणून दुकानापर्यंत न जाणारा माणूस! प्रत्येक घरी कॉफी प्यायचा आणि विचारायचा. प्रत्येक जण म्हणायचा, 'छे, मी नाही बाबा,' आणि दारापर्यंत पोचवायला आला की हळूच शेजाऱ्याचं नाव सांगायचा. वॉल्टर म्हणाला, कार्ड मी चुलीत टाकलं. फादर म्हणाले, मला कार्ड आलंच नाही. फादरांचं नाव नेस्टरने प्रश्नचिन्ह घालून लिहिलं. आठवड्याच्या शेवटी वहीत एकोणतीस संशयित झाले. मी म्हटलं, "अरे, मुळात कार्डंच सव्वीस आली." तर म्हणतो, "तू मध्ये बोलू नकोस, तपास चालू आहे."

आणि मग खासदाराच्या ऑफिसातून पत्र आलं. पाकिटावर आमच्या दोघांची नावं. 'आपण मदत थांबवण्याच्या बाजूने मत नोंदवलंत, त्याबद्दल आभार. आपला आवाज आम्ही संसदेत पोहोचवू.'

"माझा आवाज!" नेस्टर ओरडला, "माझा आवाज ह्यांनी अजून ऐकला कुठे?" ऑफिसने घोळ घातला, अशी त्याची खात्रीच. म्हणजे मग पंधरासुद्धा खोटे, सगळी मोजणीच चुकली, गाव निर्दोष! त्याला इतका आनंद झाला की मला काही बोलवेना. मी नुसतं म्हटलं, "जाऊ दे ना, फोन कर." तो म्हणाला, "फोनवर टेबल आपटता येत नाही."

भरतकामाचा सदरा घातला, चांगली टोपी घातली, आणि मला साक्षीदार म्हणून पिकअपमध्ये बसवलं. ऐंशी किलोमीटर तो भाषणाची तालीम करत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होते. मला पक्कं वाटत होतं गं, की कार्डावर नाव नसतं. पत्त्याची पट्टी त्यांनीच आधी चिकटवलेली असते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ऑफिसातली मुलगी फार गोड होती. नेस्टरने टेबल आपटायच्या आधीच तिने फाईल उघडून कार्ड समोर ठेवलं. 'आता थांबवा'वर खूण होती. जांभळ्या पेनाने. मुरंब्याच्या बरण्यांवर मी चिठ्ठ्या लिहिते ते पेन. आणि खाली माझ्या अक्षरात: 'बास झालं आता. आधी माझा खुबा बदला.'

नेस्टरने ते वाचलं. टोपी काढली. परत घातली. मग त्या मुलीला म्हणाला, "तुझी काही चूक नाही पोरी. फाईल छान ठेवतेस." तिने मला एक कोरं कार्ड दिलं. म्हणाली, "मत बदललं असेल तर हे भरा आजी, तिकीट लागत नाही."

परत येताना पाऊस नसताना त्याने चाळीस किलोमीटर वायपर चालू ठेवले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "एवढ्या घरांत विचारलं मी. आपल्याच घरात विचारायचं राहिलं." आणि थोड्या वेळाने, "मिरोसियाला काय सांगणार आहेस? तिच्या पोराचा हात... कुठला गं, डावा की उजवा?"

"रस्त्याकडे बघ," मी म्हटलं. "हरणं आडवी येतात."

तेव्हापासून मी तुझा फोन उचललेला नाही.

परवा गुरुवारी चर्चच्या तळघरात आम्ही सात-आठ जणी व्हरेनिकीच्या कडा दाबत बसलो होतो. वॉल्टर बटाटे सोलत होता. पर्लचं पालुपद सुरूच, "ते पंधरा सापडू देत, एकेकाला ह्या उकळत्या पाण्यात सोडते." मला असह्य झालं. हातात व्हरेनिक होता, तो तसाच धरून मी म्हटलं, "पर्ल, पाणी उकळलंय का बघ. त्यांतली एक मी आहे."

मला वाटलं, आता लाटणं येतं अंगावर. पर्ल खाली बसली. एप्रनचं टोक चोळत राहिली, आणि म्हणाली, "मीसुद्धा." अगं, जी हॉलमध्ये 'उभे राहा' म्हणून ओरडली होती ती! म्हणाली, "माझ्या नातवाला आपल्या कॅनडाच्या सैन्याने लातव्हियाला, रशियाच्या सीमेवर नेलंय. मला वाटलं, आपण पाठवणं थांबवलं की तो घरी येईल." मग अ‍ॅना म्हणाली, मला चष्मा सापडत नव्हता, कुठल्या चौकोनात खूण केली देव जाणे. वॉल्टर म्हणाला, "मी खूण केली, आणि आजही तीच करीन. पाठवून पाठवून पोरं मरायची थांबली का?" पर्ल म्हणाली, "मग न पाठवता थांबतील का?" त्यावर वॉल्टर बटाटा सोलत राहिला. तो बटाटा शेवटी गोटीएवढा उरला. आतापर्यंत गावात सतरा जणांनी कबुली दिली आहे. पंधरांचे सतरा कसे झाले ते नेस्टरला कळत नाही. त्याने वही मिटून ठेवली. माझ्या मते दोघांनी, आपण एकटे पडू नये म्हणून, उगाचच सांगितलं.

आता तू विचारशील, तू का गं केलंस, डोकिया? खुब्याचं निमित्त. त्या सकाळी दवाखान्यातून फोन आला होता की ऑपरेशन पुढच्या वर्षी. मी चिडले होते हे खरं. पण ते पूर्ण खरं नव्हे, आणि ह्या पुढचं लिहायला मी एवढी पानं फिरून आले.

त्याच सकाळी, रविवार नसतानाही, तुझा फोन आला होता. मी पीठ लाटत होते. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. तू बोलत होतीस, युर्कोच्या तोफेला दिवसाला किती गोळे मिळतात, कसे पुरत नाहीत, आणि मी 'हो का', 'अरे देवा' म्हणत होते. माझं लक्ष पीठ चिकटतंय का तिकडे होतं. मिरोसिया, मला कंटाळा आला होता. तुझ्या युद्धाचा कंटाळा. तिसऱ्या वर्षी तेच ते, तीच नावं, तेच गोळे. तुझा कंटाळा नव्हे गं, पण तू आणि ते वेगळं कसं करायचं ते मला जमेना. तुला कंटाळा आला तर कुठे जाशील तू? मी मात्र फोन बंद केला, हात धुतले, आणि जांभळं पेन घेतलं.

आणि सगळ्यात वाईट हे. त्या बोलण्यात मी एकदा मान वर केली तर तू डोळे पुसत होतीस. मी म्हटलं, "होईल गं सगळं ठीक." तू म्हणालीस, "तुला सांगितलं की हलकं वाटतं." काय सांगितलंस ते मी ऐकलंच नव्हतं. पुढे तुझ्या बोलण्यातून कळलं की युर्कोच्या हाताचं काहीतरी झालंय. विचारायची लाज वाटली. तेव्हापासून 'हात कसा आहे' विचारते आणि तू 'आहे तसाच' म्हणतेस, आणि मी समजल्यासारखी मान हलवते. ह्या पत्राच्या सुरुवातीलाही तेच केलं, बघ. हात आहे का, हेसुद्धा मला माहीत नाही.

नेस्टर ह्या पानांचे फोटो काढून आजच तुला पाठवील. टपालाच्या भरवशावर हे ठेवायचं नाही. उद्या रविवार. तुला फोन करावासा वाटला नाही तर मी काय बोलणार, पण मी नऊ वाजता फोन घेऊन बसणार आहे. डब्याला टेकवणार नाही, हातात धरीन. पीठ मळलेलं नसेल, हॉकी बंद असेल. एप्रिलपासून सगळं पुन्हा सांग, अगदी पहिल्यापासून. कोरं कार्ड माझ्यासमोर आहे. तुझं ऐकल्याशिवाय ते भरायचा मला हक्क नाही.

कुठला हात, मिरोसिया?

तुझी, त्या पंधरांतली एक,
डोकिया