पाठीला बांधलेला डबा

हॅवलॉक बेट, अंदमान
१२ जानेवारी २००९

आईस,
पाया पडते. मी खुशाल आहे, रोज ताजे मासे मिळतात. तुझे गुडघे कसे आहेत?

काल समुद्राखाली जायला शिकले. शिकवणाऱ्याने पाठीवर हवेची टाकी बांधून मला छातीएवढ्या पाण्यात नेलं. पाय वाळूवरून सुटताच मी किंचाळून त्याचा गळाच धरला. सहलीला बरोबर आलेल्या माझ्या रोह्याच्या ऑफिसातल्या बायका हसल्या. "धरमतर खाडीवरची ना तू? आणि पोहता येत नाही?"

राग आला तो तुझा. धाकट्या शिवाच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून बाबांनी त्याला खाडीत सोडलं, तेव्हा मीही डबा मागितला होता. तू म्हणालीस, "तुला काय करायचाय गो पोहून? त्याचे कपडे धर." चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्या पाठीला काही बांधलं, तेही परक्या माणसाने.

पुन्हा उतरले. खाली निळे मासे होते. त्याचा हात मात्र मी सोडला नाही.

शिवा फोनवर सांगत होता, मोरूला पोहायला शिकवतोय आणि सरू काठावर भावाचे कपडे घेऊन बसते. आई, हे मी चालू देणार नाही. पत्र तुला सरूच वाचून दाखवणार, म्हणून मुद्दाम लिहिते.

सरू, इथवर वाचलंस ना? आता आजीच्या तोंडाकडे बघू नकोस. बापाला सांग, आज मला पाण्यात सोड.

रागावलेली, तरी तुझीच,
पुतळी