दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही

प्रिय मिस्त्री,

रागावू नकोस. नावाने हाक मारायला गेले तर हे पत्र पहिल्या ओळीतच अडेल, म्हणून मिस्त्रीच. इकडे सगळं ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ तू जाताना अर्धवट दुरुस्त करून गेलास, तो अजून अर्धवटच आहे. खाली भांडं ठेवते, भरलं की झाडांना घालते, त्यामुळे झाडं खूश आहेत. आपल्या इमारतीची लिफ्ट मात्र तुझ्यामागे फार लाडावली आहे, ऊठसूट मधल्या मजल्यावर रुसून बसते. परवा वरच्या आजी तिच्यात अडकल्या. तुझ्या जागी आलेल्या नव्या मेकॅनिकने दार उघडायला इतका वेळ लावला, की आजींनी आतूनच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी जिन्यात उभी राहून पोट धरून हसले. मग घरात आले, आणि हे सांगायला घरात कोणी नाही हे लक्षात आलं.

चष्म्याच्या दुकानात नेहमीसारखंच आहे. कोणाला नंबर वाढल्याचा राग येतो, कोणाला फ्रेम महाग वाटते, आणि दोन्हींचा दोष माझ्यावर येतो. गेल्या आठवड्यात एक बाई नवऱ्याचा जुना चष्मा घेऊन आल्या. नवरा गेलेला. त्याच फ्रेममध्ये स्वतःच्या नंबरच्या काचा हव्या होत्या. फ्रेम त्यांच्या नाकावर ठरेना. मी दांड्या गरम केल्या, कानामागे थोड्या वाकवल्या, पुन्हा लावून बघितल्या. आता पडणार नाही ना, एवढंच त्यांनी विचारलं. नाही पडणार, मी म्हटलं. त्या गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बसले. माझा नवरा जिवंत आहे, धडधाकट आहे, दुसऱ्या गावात लोकांच्या लिफ्ट वरखाली नेतो आहे, आणि माझ्याजवळ नाही. मला तुझी रोज आठवण येते. सकाळी जास्त येते.

रविवारी मी चर्चला जाते. तुला आवडणार नाही, पण तुझ्यापासून लपवून कुठे जाऊ? गायनसंघात माझी जागा तीच आहे. सराव घेणारा मेजर अजून तसाच ओरडतो. पाव विकणाऱ्या माणसाला मेजर हे नाव कोणी दिलं देव जाणे, पण शोभतं. आठवतं, पहिल्या सरावाला माझा घोगरा आवाज ऐकून त्याने मला सरळ पुरुषांच्या रांगेत टाकलं होतं? सगळे हसले, मी रडायच्या बेतात, आणि तू बाजूला सरकून मला तुझ्या डावीकडे जागा करून दिलीस. तिथेच आपलं जमलं. मेजरला मी त्यासाठी जन्मभर माफ केलं आहे.

त्याचा तो नियमही आठवत असेल. शेवटचा लांब सूर आला, की शेजारच्या दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकाने हळूच घ्यायचा, तोवर दुसऱ्याने सूर धरायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं सूर कुठे तुटलाच नाही. आपण घरीसुद्धा तसेच वागायला लागलो होतो. तू थकून आलास की मी उभी, मी चिडले की तू गप्प. आपली खारूताई पहिल्या बाकावर बसून आपल्या दोघांवर पाळत ठेवायची, आणि जेवताना चुगली करायची, की आज बाबांनी आईच्या वेळेला श्वास घेतला. तुझ्या हत्यारांच्या पिशवीत स्क्रूंच्या मध्ये ती बिस्किटं लपवायची. पिशवी तू नेलीस. चुरा झटकून टाकला नाहीस ना?

तिच्या दफनाच्या दिवशी आपण दोघांनी हट्ट केला. मेजर नको म्हणत होता, पाळकसाहेब नको म्हणत होते, पण आपल्या लेकीचं गाणं आपणच म्हणणार. शेवटच्या सुरावर आपला दोघांचा श्वास एकदमच संपला. आपण तोंड उघडं ठेवून नुसते उभे होतो, आणि बाकी संघाचा सूर चालूच होता. घरी आल्यावर तू म्हणालास, आपलं लेकरू गेलं तरी यांचं गाणं थांबलं नाही, तुझ्या देवाचंही काही थांबलं नाही. त्यानंतर तू चर्चला आला नाहीस, आणि मग लांबची नोकरी घेतलीस. मी अडवलं नाही. माझ्यात अडवायचं बळच नव्हतं.

मी जात राहिले, पण गात नव्हते. कित्येक महिने मी रांगेत तोंड मिटून उभी राहिले. प्रार्थना येत नव्हती, आमेनसुद्धा ओठांवर येत नव्हतं. कोणी विचारलं नाही, कोणी रांगेतून काढलं नाही. माझ्या मागे पोस्टमन काका उभे असतात. ऐकू कमी येतं, सूर थोडा वरच लागतो. तू त्यांना भोंगा म्हणायचास. एका रविवारी त्यांचा आवाज पाठीवर आला आणि मला तो ओळखीचा वाटला. लेकीच्या दफनाच्या दिवशी हाच होता. आपण दोघे संपलो, तेव्हा थकलेल्या छातीने ते आपला सूर धरून उभे होते, आपण परत येईपर्यंत. ते गाणं आपल्याला सोडून पुढे गेलंच नव्हतं रे.

मला वाटायचं, देवाला आपण धरून ठेवायचं असतं, आणि आपला हात सुटला की संपलं. माझा तर सुटलाच होता. तरी मी पडले नाही. त्याने लेकीला का नेलं हे मला अजून कळलेलं नाही, आणि कोणी समजवायला आलंच तर मी चहा देऊन वाटेला लावते. पण माझा श्वास संपला होता तेव्हा त्याचं प्रेम संपलं नव्हतं, एवढं मला पक्कं माहीत आहे. मी रडून त्याच्याशी भांडते, आणि तो ऐकतो. अलीकडे मी पुन्हा गाते. आवाज आणखीच घोगरा झाला आहे.

काल सरावानंतर मेजर माझ्याजवळ आला. पहिल्यांदाच न ओरडता बोलला. म्हणाला, पुढच्या रविवारी तेच गीत घेतोय, लेकीचं. तुमच्या शेजारची जागा रिकामी आहे, एक नवीन माणूस आलाय, त्याला उभा करू का? मी म्हटलं, विचारून सांगते. म्हणून हे पत्र. तू ये. गाऊ नकोस, प्रार्थना करू नकोस, देवाशी बोलू नकोस, माझ्याशीही बोललं नाहीस तरी चालेल. नुसता माझ्या उजवीकडे उभा राहा. माझा श्वास घेऊन झाला आहे. आता तू घे, लागेल तितका वेळ घे. तोवर मी धरते.

तुझीच,
डावीकडची